मोहाच्या झाडाची जबानी

मी कथा लिहितो, पण पोटाला घातले ते जव्हार संस्थानच्या न्यायकचेरीने. खोडाळ्याकडच्या नागलीच्या भाकरीवर वाढलेला मुलगा संस्थानच्या मदतीने बी. ए. झाला आणि परत येऊन जबान्या लिहून घेऊ लागला. घरात माझ्याआधी कोणाला सही येत नव्हती. त्या नोकरीचे उपकार मी जाणून होतो; तरी आतून वाटे, हे काम माझे लिहिणे खाऊन टाकते आहे. घरी येऊन मी राजकन्यांच्या आणि सरदारांच्या कथा लिही. मासिके त्या न चुकता परत पाठवीत.

एकदा दाभोशाची एक म्हातारी जबानीला उभी राहिली. बांधावरचे मोहाचे झाड तिचे की शेजारच्या पुतण्याचे, असा तंटा होता. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. उन्हाळा ती त्या झाडाच्या फुलांवरच काढी. झाड गेले असते तर तिला पुतण्याच्या दारात हात पसरावा लागला असता.

न्यायाधीशांनी विचारले, "झाड तुझे कशावरून?"

"सांगते. माझी सासू होती..." एवढे बोलून ती गप्प झाली.

"पुढे?"

"सासूनं ता झाड राखला..." पुन्हा गप्प.

पुतण्या हसला. "बघा साहेब, काकीला काय आठवत नाय."

म्हातारी उसळली. "आठवतं रे सगळा! पन कोन हां त बोलं नाय. सांगू कोनाला, भिताडाला?"

कचेरीत हशा पिकला. मला मात्र आई आठवली. आमच्याकडे गोष्ट एकट्याने सांगत नाहीत. ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला 'हां' म्हणायचे. तो थांबला की गोष्टही थांबते. आई नागली दळताना सांगे आणि 'हां' माझ्याकडे असे.

मी उठून साहेबांना हे सांगितले आणि स्वतः 'हां' म्हणायची परवानगी मागितली. "हे कोणत्या कायद्यात बसते?" ते म्हणाले, पण मानेने होकार दिला.

म्हातारीने सुरुवात केली. मी लिहीत होतो आणि 'हां' म्हणत होतो. सासूने रोपटे गुरांपासून कसे राखले, काटे कुठून आणले, दुष्काळात फुले कोणाकोणाला वाटली, सगळे आले. काही वेळाने माझ्या जोडीला आणखी एक 'हां' ऐकू येऊ लागला. पुतण्याचा होता. त्याचे त्यालाच कळत नव्हते.

"मंग एक वरीस वाऱ्यानं फांदी मोडली."

"हां," आम्ही दोघे.

"तुझा बा माझे दारात आला. बोलला, वयनी, फांदी नेऊ का? घर शाकारायचा हाय."

"हां," पुतण्या एकटाच म्हणाला. माझी लेखणी थांबली होती.

साहेबांनी त्याला शांतपणे विचारले, "बाबा, हे खरे का?"

"काकी सांगतं ता खरा हाय," तो म्हणाला.

झाड म्हातारीकडे राहिले. जाताना माझ्यापुढे थांबून ती म्हणाली, "साळा शिकून बी बरा आयकतोस रे."

त्या संध्याकाळी सरदार बाजूला ठेवून मी आईच्या दळणावर लिहायला घेतले. बायको तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हटले, "वाचतो, तू हां म्हण." दुसऱ्याच पानावर ती गप्प झाली. "काय झाले?" "इथे तुम्ही मासिकासारखे बोलायला लागलात." ते पान मी फाडले. उरलेली कथा छापून आली.

पुढे कचेरीच्या कामाने दाभोशाला गेलो. म्हातारी झाडाखाली फुले वेचत होती, पुतण्याची पोरे टोपली धरून होती. मला ओळखून तिने हाताने जवळची जागा झाडली.

"बस. त्या फांदीचा पुढं काय झाला, ता सांगायचा ऱ्हायला."

"हां," मी म्हणालो आणि बसलो.