सात नंबरची जर्सी

मैदानाच्या फाटकावर बाबा हसत होते. मी भाजीची पिशवी स्कूटीला अडकवून घरी निघाले होते. अमरावतीत सकाळी त्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते, तरी मी भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबला आणि मागच्या ऑटोवाल्यानं माझा उद्धार केला. त्याचं काही चुकलं नाही. पण कमानीवर दोन माणसांएवढा फ्लेक्स लावलेला, आणि त्यावर माझे बाबा. त्यांना जाऊन तीन वर्षं झालीत. फोटो तोच, जो अकोल्याच्या आमच्या घरात मी लहानपणापासून पाहत आले आहे. गालावर चिखल, पुढचा एक दात जरासा तिरपा, छातीवर नऊचा आकडा.

खाली नाव मात्र दुसऱ्याचं होतं. त्यांच्या स्मरणार्थ भव्य फुटबॉल स्पर्धा, असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

ज्यांचं नाव होतं ते अमरावतीचे सेंटर फॉरवर्ड, नऊ नंबर. बाबा अकोल्याचे राइट आउट, सात नंबर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, या दोन गावांचा सामना ठरलेला असायचा. काळ्या मातीत तेव्हा घोट्याएवढा चिखल असे. सामना संपला की दोघांनी आपापली जर्सी काढून एकमेकांना द्यायची, ती चिखलाचीच अंगात घालायची आणि स्टुडिओवाल्यापुढे उभं राहून फोटो काढून घ्यायचा, दोन्ही फोटोंची एकेक प्रत दोघांनी ठेवायची, अशी त्यांची रीत. पुढच्या करीला जर्सी धुऊन परत. परत करायच्या निमित्तानं तरी समोरचा खेळायला येईल, हा त्यामागचा हिशोब.

एका वर्षी जर्सी परत आली नाही. त्याच वर्षी राज्याच्या संघासाठी निवड होती आणि वऱ्हाडातून एकालाच घेणार होते. निवडीच्या सामन्यात दोघांना एकाच बाजूनं खेळवलं. बाबांनी उजव्या कडेनं पळत जाऊन तीन बॉल मध्ये उचलून दिले, अमरावतीवाल्यानं तीन गोल मारले. निवड कोणाची झाली ते सांगायला नको. त्यांना मुंबईत नोकरी मिळाली, पेपरात फोटो आले, रेडिओवर नाव आलं. बाबा अकोल्याच्या कचेरीत कारकून झाले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले.

बाबांना खेळताना मी पाहिलेलं नाही. मी कळती होईपर्यंत त्यांचा गुडघा गेला होता. पण ज्यांनी पाहिलं होतं ते सांगायचे की पळताना पायाखालचा चुना उडायचा आणि बॉल मात्र रेषेच्या आत राहायचा. मान वर न करता ते बॉल उचलायचे आणि तो बरोबर डोक्यावर जाऊन बसायचा, डोकं कोणाचंही असो. सांगणारी ही माणसं एकेक करून गेली. उरलेल्यांना विचारलं तर म्हणतात, "हो हो, ते अमरावतीवाल्यांचे दोस्त नं?" बाबा जन्मभर त्यांचे दोस्तच राहिले. लग्नात कोणी ओळख करून दिली तरी तीच, आणि बाबा मान डोलवायचे. माझा जळफळाट व्हायचा.

एकदा मी कॉलेजात असताना भांडलेच. "काहून देला त्याले बॉल? स्वतः मारला असता तर?"

बाबा अंगणात खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. म्हणाले, "गोलसमोर तो होता, मी कोपऱ्यात. मंग काय झाडाले देऊ?"

माझं समाधान काही झालं नाही. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, भरल्या मैदानावर भोंग्यातून बाबांचं नाव ऐकायचं होतं. त्यांच्या जिवंतपणी ते झालं नाही. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, शेकडो पोरांची नावं भोंग्यावरून वाचली, बक्षीस समारंभ केले, आणि दरवेळी तेच मनात यायचं.

आईचं दुःख वेगळं होतं. ती जर्सी नवी होती. आईचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, आणि छातीवरचा साताचा आकडा तिनं आपल्या लाल परकराचं कापड कापून हातानं शिवला होता. मराठी सात, पोट काढलेला. घाईत शिवला म्हणून त्याचं शेपूट आखूड राहिलं. "नवी जर्सी नेली ते नेलीच अमरावतीवाल्यानं," हे वाक्य आमच्या घरात साठ वर्षं चाललं. बाबांचा फोटो पुसताना ती दर शनिवारी ते म्हणायची. बाबांचं नाव मात्र तिनं कधी घेतलं नाही. तिच्या पिढीच्या बायका घेतच नाहीत, पण आईचं जरा जास्तच. रेशनच्या दुकानात, बँकेत, शेवटी दवाखान्याच्या खिडकीतही कोणी "पतीचं नाव?" विचारलं की ती पदर सावरून माझ्याकडे बघायची आणि मी सांगायची. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा तिनं "अवो" एवढीच हाक मारली.

तर त्या फाटकापुढे मी उभी. संतापानं कान तापले होते, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला होता. एवढे मोठे बाबा मी कधी पाहिले नव्हते. वलगावहून आलेली कॉलेजची पोरं त्यांच्याखाली उभं राहून मोबाइलवर फोटो काढत होती. मी घरी गेले, भाजी फ्रिजमध्ये ठेवली आणि परत आले. दुपारी पुन्हा आले. चूक सांगितली तर बाबा खाली उतरणार होते. नाही सांगितली तर बाबा दुसऱ्याच्या नावाखाली टांगलेले राहणार. गणिताच्या बाईला हे गणित सुटेना.

शेवटी माझा स्वभाव आड आला. चुकलेलं उत्तर फळ्यावर राहू देणं मला जमत नाही. मंडपात अमरावतीवाल्यांचा मुलगा बसला होता, साठीला टेकलेला, भला माणूस. स्पर्धा तोच भरवतो. मी माझ्या मोबाइलमधला बाबांच्या म्हातारपणीचा फोटो त्याच्यापुढे धरला आणि फ्लेक्सकडे बोट केलं.

"दात पाहा," मी म्हटलं.

तो बराच वेळ दोन्हीकडे पाहत राहिला. मग डोक्याला हात लावला. "ताई, लय मोठी चूक झाली. वडलांच्या पेटीत फोटो सापडला, आमी नऊचा आकडा पाहिला अन् देऊन टाकला छापायले. मी तर त्यायले टकलावर अन् मिशीतच पाहिलं. जवानीतलं तोंड कोणाले ओळखू येते?"

"मले येते," मी म्हटलं. आवाज चढलाच होता.

"उद्या सकाळी बदलून टाकतो. शब्द देतो."

माणसानं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी मी चहासुद्धा न घेता गेले तर कमानीवर बाबा नव्हते. रात्रीतून माणसं चढवून नवा फ्लेक्स लावला होता. मी रस्त्याच्या या कडेला उभी राहिले आणि मला रडू आलं. हे कशाला लपवू? तीन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. या वेळी मी स्वतः बोट दाखवून त्यांना काढायला लावलं होतं. एक दिवस, पुरता एक दिवस, अख्खी अमरावती त्यांच्याकडे मान वर करून पाहत होती, नाव कोणाचंही असेना. मला ते पुरलं नाही.

नव्या फोटोतल्या माणसाकडे बघायचीही इच्छा नव्हती. बघितलं ते डोळे पुसता पुसता. तरुण, जाड भुवयांचा, चिखलानं माखलेला. त्याच दिवशीचा, त्याच स्टुडिओवाल्यानं काढलेला दुसरा फोटो. छातीवर काळपट दिसणारा मराठी सात. शेपूट आखूड.

मी तिथूनच अकोल्याला आईकडे फोन लावला. "काही विचारू नको. फायनलच्या दिवशी तुले घ्यायले गाडी पाठवतो."

आई आली. ऐंशी पार केलेली, चालताना माझा खांदा धरणारी. फाटकापाशी मी तिला थांबवलं आणि वर बघ म्हटलं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. आकडा आता तिच्याहून उंच होता.

"मेल्यानं ठेवली होती तर," ती म्हणाली. एक पाऊल पुढे सरकून आकडा निरखला. मग म्हणाली, "शेपूट आखूडच रायलं बाई. त्यायनं तवाच म्हटलं होतं, राहू दे, पळताना कोणाले दिसते."

"काल-परवापर्यंत बाबा होते इथे," मी म्हटलं. "मीच काढायले लावलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. नुसता माझा खांदा जरा घट्ट धरला.

अमरावतीवाल्यांच्या मुलानं आम्हाला पाहिलं आणि धावत आला. मी नको नको म्हणत असताना त्यानं आम्हा दोघींना मैदानाच्या मधोमध नेलं. दोन्ही संघ रांगेत उभे होते. त्यानं माइक घेतला आणि सांगायला सुरुवात केली. फाटकावर आधी कोणाचा फोटो लागला होता, आता जी जर्सी दिसते ती खरी कोणाची, आपल्या वडलांना गोलसमोर बॉल कोण द्यायचं, सगळं सांगितलं. चांगलं बोलला. मग अडला. जर्सीची अदलाबदल, ते तीन बॉल, सगळं मी त्याला त्या दिवशी ऐकवलं होतं, नाव तेवढं सांगितलं नव्हतं. भांडायच्या नादात राहूनच गेलं होतं.

त्यानं माइक माझ्यापुढे धरला. "ताई, त्यायचं नाव?"

इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट पाहत होते. मी माइककडे वाकले, आणि तिथेच थांबले. मी आईकडे पाहिलं, जसं ती जन्मभर माझ्याकडे पाहत आली होती.

आईनं पदर डोक्यावर नीट घेतला. माझ्या खांद्यावरचा हात काढून माइक स्वतःकडे ओढला. आणि बाबांचं नाव घेतलं. आधी त्यांचं, मग त्यांच्या वडलांचं, मग आडनाव, एकेक शब्द सुटा, हजेरी घ्यावी तसा. भोंग्यातून ते मैदानभर गेलं आणि पलीकडच्या भिंतीवरून पुन्हा आमच्याकडे आलं.

ते मी इथे लिहीत नाही. ते तिनं घेतलं, ते तिचंच राहू दे.

तिनं माइक परत दिला. पोरं टाळ्या वाजवत होती. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बरोबर घेतलं नं मी? कधी घेतलंच नवतं."