विचारलंस की वाचलंस?

आमच्या ऑफिसातल्या ताई काही विसरल्या नव्हत्या. त्यांनी लिहिलेली एक ओळ मी काढून टाकली होती, आणि नंतर ‘इथे तर काहीच नाही’ असं त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. आता पन्नाशी उलटली, लपवून लपवून थकलो, म्हणून लिहितो आहे. त्यात कोणी धैर्य वगैरे शोधू नये.

ताई म्हटल्या की आधी त्यांचा आवाज आठवतो. तीस वर्षं त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंककॉल जोडून देण्यापासून चौकशीच्या टेबलापर्यंत सगळं केलेलं. हातभर अंतरावर बसलेल्या माणसाशीही त्या नागपूरच्या लाइनवर असल्यासारख्या स्वच्छ, शब्द सुटा सुटा करून बोलत. मध्ये कोणी तोंड घातलं की पंजा दाखवून म्हणत, ‘‘होल्ड कर.’’ चहावाल्याला होल्ड, मॅनेजरलाही होल्ड. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने लांबण लावली की मनगटावरच्या घड्याळाकडे बघून जाहीर करायच्या, ‘‘तीन मिनिटं झाली, सर. वाढवू की तोडू?’’ सगळे खिदळायचे. मॅनेजरही हसायचा आणि आवरतं घ्यायचा.

अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली छापखाना, त्यामुळे दिवसभर शाईचा वास. तिथे बसून आम्ही सात-आठ जण मेक्सिकोतल्या एका समुद्रकाठच्या गावात कुठे जेवावं आणि काय पाहावं हे लिहायचो. थट्टा नाही, असं काम खरोखर असतं. परदेशातल्या एका पर्यटन कंपनीला तो मजकूर जायचा आणि तिच्या वेबसाइटवर ‘आमच्या तिथल्या मित्रांच्या शिफारशी’ म्हणून झळकायचा. ते तिथले मित्र म्हणजे आम्ही. एक जोगेश्वरीचा, दोघं बोरिवलीची, घाटकोपरहून मेट्रोने येणाऱ्या ताई. मेक्सिको राहू द्या, आमच्यातल्या निम्म्यांकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. मी एका बंद पडलेल्या वर्तमानपत्रातून आलेला, म्हणून टीमचा प्रमुख. ताईंकडे तपासणीचं काम.

बाकीचे दहाला यायचे, ताई आठाच्या आधी. आपले सकाळचे आठ म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ. खानावळी भरलेल्या, माणसं फोन उचलण्याच्या मनःस्थितीत. इंटरनेटवरून फोन लावून त्या एकेका दुकानाला गाठायच्या. मी कधी लवकर पोचलो आणि काही विचारायला गेलो तर माउथपीसवर हात ठेवून म्हणत, ‘‘थांब रे सतीश, कालच्या माणसांशी बोलतेय.’’

त्यांचा प्रश्न एकच असायचा. ‘‘विचारलंस की वाचलंस?’’ आम्ही सगळे वाचून लिहिणारे. दहा वेबसाइट उघडायच्या आणि अकरावी तयार करायची, हाच धंदा. ताईंना ते पटायचं नाही. ‘‘वाचलेलं म्हणजे दुसऱ्याने वाचलेलं तिसऱ्याने लिहिलेलं,’’ म्हणायच्या. कॉम्प्युटरवरच्या तपासणीच्या तक्त्यात त्या प्रत्येक माहितीपुढे एक अक्षर टाकायच्या. स्वतः फोन करून विचारलेलं असेल तर ‘वि’, नुसतं वाचलेलं असेल तर ‘वा’. नेहा नावाची मुलगी नवीन लागली होती. पहिल्या आठवड्यात तिच्या सगळ्या नोंदींपुढे ‘वा’ आलं, तर ती पेढे घेऊन आली. ‘‘ताई, एवढं कौतुक नका हो करू!’’ ताईंनी आधी पेढा खाल्ला, मग अर्थ सांगितला.

स्पॅनिश त्यांना येत नव्हतं. एका वहीत देवनागरीत पन्नासेक वाक्यं लिहून घेतली होती, तेवढ्यावर त्यांचं राज्य चालायचं. ‘आ के ओरा सिएर्रा?’ म्हणजे बंद कधी करता. अडलं की शुद्ध मराठीत बोलायच्या आणि समोरच्याला कळायचंही, कसं ते देव जाणे. मेजाला तिकडे मेसा म्हणतात आणि लाँचला लांचा, हे कळल्यावर त्यांना माहेरची माणसं भेटल्यासारखं झालं. एकदा एका खानावळीतल्या बाईंनी लाल सरबताची कृती सांगितली. फुलांचं वर्णन ऐकता ऐकता ताई खुर्चीतून उठल्याच. ‘‘अरे, ही तर आपली अंबाडी! आमच्या वाशिमला बांधाबांधावर असते. हे लोक अंबाडी पितात, बापा!’’ त्या दिवशी त्यांनी त्या खानावळीबद्दल इतकं आपुलकीने लिहून दिलं की मला त्यात एक शब्द बदलावा लागला नाही. काठीला टोचून निखाऱ्यावर भाजलेला मासा, चिंचेचं पाणी, मक्याच्या गरम पोळ्या. ताई मासा खायच्या नाहीत, वास सहन व्हायचा नाही म्हणून. पण कोणत्या टपरीवर मासा सकाळचा असतो आणि कुठे कालचा, हे त्यांना चकाल्यात बसून ठाऊक होतं.

दुसरं त्यांचं खूळ परतीचं. कुठलीही जागा असो, डोंगरावरचा क्रॉस असो की धबधबा, शेवटी परत कसं यायचं ते लिहिलंच पाहिजे. शेवटची बस कितीला, टॅक्सी मिळते का, वाटेत दिवे आहेत का. ‘‘जायला काय, कोणीही सांगतं, जा म्हणून,’’ त्या म्हणायच्या. ‘‘लहानपणी बाबा मला परीक्षेला तालुक्याला घेऊन गेले. शेवटची एसटी पाचला गेली, हे कोणी सांगितलंच नाही. दहा कोस चालत आलो. बाबांचा पाय आधीच अधू. पास झाले मी, पण बाबा त्यानंतर काठीशिवाय चालले नाहीत.’’ हे सांगताना आवाज तसाच, लाइनवरचा. आम्ही त्या ओळीला ‘ताईंचं शेपूट’ म्हणायचो. त्यांना माहीत होतं. ‘‘शेपूट असू दे रे, माकडाला त्यानेच तोल सांभाळता येतो,’’ म्हणायच्या.

त्या गावाच्या दक्षिणेला एक छोटा किनारा आहे. तिथे रस्ता नाही, लाँचनेच जावं लागतं. बेतो नावाचा एक लाँचवाला होता, त्याला ताईंनी तीन सकाळी फोन करून माहिती काढली आणि लिहिलं: शेवटची लाँच चारला सुटते, ती चुकली तर कड्यावरची वाट धोक्याची आहे, तिने येऊ नये. पुढे ‘वि’.

त्याच आठवड्यात कंपनीकडून निरोप आला. शिफारशी फार लांब होताहेत, शेवट उदास होतात. प्रत्येक शिफारस वाचणाऱ्याला निघावंसं वाटेल अशा वाक्यावर संपली पाहिजे. मॅनेजर मला म्हणाला, ‘‘सतीश, ताईंची शेपटं काप. त्यांना सांगत बसू नकोस, उगाच होल्डवर ठेवतील.’’ मी बसलो आणि कापत गेलो. थोडं वाचून, बरंचसं न वाचता. तक्त्यात ‘वि’ राहिलं तर कंपनीचा माणूस विचारेल की ही ओळ कुठे गेली, म्हणून तक्त्यातूनही काढलं. लाँचची ओळ कापताना हात थांबला होता, हे कबूल करतो. थांबला आणि पुढे गेला. शेवटी मी लिहिलं, ‘संध्याकाळचं सोनेरी ऊन अजिबात चुकवू नका.’

चार महिन्यांनी तक्रार आली. निवृत्त शिक्षक नवरा-बायको, संध्याकाळचं ऊन बघत थांबलेले. लाँच गेली. अंधारात कड्याच्या वाटेने निघाले, नवरा घसरला, खुब्याचं हाड मोडलं. बाईंनी पत्र लिहिलं होतं. एक वाकडा शब्द नव्हता त्यात. ‘तुमच्या मित्रांनी आम्हाला थांबायला सांगितलं होतं. परत कसं यायचं ते सांगायला ते बहुधा विसरले.’ कंपनीने विचारलं, तपासणी कोणाची?

मॅनेजरने ताईंना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. ताईंनी पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळल्या. ‘‘मी विचारलं होतं ना रे? त्या बेतोला? चार वाजता म्हणाला तो.’’ मी तक्ता उघडला, त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, ‘‘इथे तर काहीच नाही, ताई.’’

त्या रकान्याकडे बघत राहिल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. तक्त्याच्या जुन्या प्रती बघता येतात, कोणी कधी काय खोडलं ते दोन क्लिकमध्ये कळतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. मॅनेजर टेबलावरचं पेन फिरवत होता. नोकरी गेली असती तर त्या वयात मला दुसरी मिळाली नसती, मुलगी बारावीला होती. हे कारण म्हणून सांगत नाही, त्या वेळी डोक्यात काय होतं ते सांगतो.

‘‘मग विसरले असेन,’’ ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू मी पहिल्यांदाच ऐकला. ‘‘विचारल्यासारखं वाटतंय, पण मग लिहिलं काहून नाही?’’

त्यांना कोणी काढलं नाही. त्या महिन्यात त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. त्या शेवटच्या दिवसांत दर फोननंतर नेहाला बोलावून म्हणायच्या, ‘‘मी आत्ता काय म्हणाले, तू ऐकलंस ना? लिहून ठेव गं.’’ जाताना स्पॅनिशची वही नेहाला दिली. निरोपाचा समोसा आणि वेफर्स झाले. मॅनेजर दोन शब्द बोलायला उभा राहिला आणि बोलतच राहिला. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी घाटकोपरला त्यांच्या घरी गेलो, सांगायचं ठरवून. त्या धाकट्या बहिणीकडे राहतात. दारावर आतून कागद चिकटवलेला: गॅस, गीझर, नळ, किल्ली. प्रत्येकापुढे रोजच्या खुणा. बहीण परिचारिका आहे. ताई आत पाणी आणायला गेल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘‘दोनदा डॉक्टरांना दाखवलं. सगळं व्यवस्थित आहे म्हणतात. ही ऐकत नाही. एकटीने वाशिमला जायची दर वर्षी, ते बंद. वस्तीतली अभ्यासिका हीच चालवायची, पंधरा वर्षं. तिच्या किल्ल्या देऊन टाकल्या. उघडं राहिलं तर, म्हणते.’’

ताई आल्या, समोर बसल्या. नेहाची चौकशी केली, खालचा छापखाना आहे का विचारलं. मग हसून म्हणाल्या, ‘‘बेतोचा नंबर अजून पाठ आहे बघ.’’ आणि देशाच्या कोडपासून अख्खा नंबर त्यांनी घडाघडा म्हणून दाखवला, एकेक आकडा सुटा करून. त्याच्या लाँचचा रंग सांगितला. त्याच्या बायकोला तेव्हा दिवस गेले होते ते सांगितलं. ‘‘एवढं सगळं आठवतं, सतीश. मग नेमकं तेवढंच कसं रे लिहायचं विसरले?’’

घरात पंखा चालू होता. बहीण स्वयंपाकघरात होती. यापेक्षा सोपी वेळ मला कोणी देऊ शकलं नसतं.

‘‘होतं असं कधी कधी, ताई,’’ मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. निघताना जिन्यापर्यंत आल्या. कठड्याला धरून म्हणाल्या, ‘‘एक मात्र आहे. तू त्या दिवशी मला एका शब्दाने टाकून बोलला नाहीस. दुसरा कोणी असता तर मॅनेजरपुढे माझी वाट लावली असती. ते मी विसरले नाही हं.’’ पायऱ्या उतरून मी रस्त्यावर आलो. त्यानंतर तीनदा त्यांचा फोन आला. दोनदा मी घेतला नाही, तिसऱ्यांदा मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो.

ताईंनी विचारलं होतं. ताईंनी लिहिलंही होतं. खोडलं ते मी. आणि खोटं बोललो तेही मीच. एवढी चार वाक्यं त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या बहिणीच्या देखत, बोलणं मी त्यांचं देणं लागतो. ती अजून बोललेलो नाही.