भरलेलं आवार

बाबा गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन. दोन वर्षांपूर्वी आवारात जेमतेम चार गाड्या असायच्या आणि गिऱ्हाइकांची ही मोठी रांग. तेव्हा बाबांचा फोनवरचा तोरा काय वर्णावा: "साहेब, सहा महिने थांबावं लागेल हं." मी त्यांची ही नक्कल केली की आई पोट धरून हसायची.

यंदा दीडशे गाड्या आवारात धूळ खात उभ्या आहेत. बाबाच लोकांना फोन करून विनवायचे.

काल ते गप्प गप्प जेवत होते, म्हणून मी तीच नक्कल काढली. आई हसली. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"मालकांनी मला घरी बसायला सांगितलंय. उभ्या गाड्या खपल्या की बोलावतो म्हणाले," ते म्हणाले. "त्या खपवणार कोण, हे विचारायचं राहूनच गेलं."

आईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.