मूल फक्त आईसोबत

माझ्या धाकट्या जावेला, सायरागुलला, आमच्या घरात कोणी नावानं हाक मारत नाही. सासूबाई ‘केलिन’ म्हणतात, म्हणजे सूनबाई. तिचा नवरा तालाय ‘अगं’ म्हणतो. बिश्केकमधल्या ज्या तळघरात आम्ही दोघी शिवणकाम करतो, तिथली मुकादमीण तिला ‘कॉलर’ म्हणते, कारण माझ्याकडे बाह्या असतात आणि तिच्याकडे कॉलर. सायरा म्हणते ती एकटी मीच, आणि तेही मशीनच्या घरघराटात, त्यामुळे तिला किती ऐकू येतं देव जाणे.

लग्न होऊन आली तेव्हा ही पोरगी फार हसायची. आमच्याकडे पाहुण्याला चहा द्यायचा तो अर्धा पेला. पेला काठोकाठ भरला की त्याचा अर्थ, आता निघा. हिनं पहिल्याच दिवशी गोंधळून नवऱ्याच्या मामांना पेला गच्च भरून दिला आणि मामा बिचारे टोपी डोक्यावर ठेवून खरंच उठले. ही ओढणीत तोंड खुपसून इतकी हसली की शेवटी मामाही हसत खाली बसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

सासूबाईंना आम्ही सगळे आपा म्हणतो. आपा म्हणजे आई. फक्त माझा नवरा कुबानिच, त्यांचा थोरला मुलगा, त्यांना आपा म्हणत नाही. तो त्यांना वहिनी म्हणतो. परक्या माणसाला हे ऐकून हसू येईल, पण आमच्याकडे यात नवल काही नाही. पहिलं नातवंड आजीचं, अशी आमची रीत. कुबानिच पहिला, म्हणून त्याला आजीनं उचललं. तो आजीला आई म्हणत वाढला आणि जन्म देणारी त्याच घरात, त्याच चुलीपाशी, त्याची वहिनी होऊन राहिली. आजी जाऊन कित्येक वर्षं झाली तरी त्याची जीभ वळली नाही. ‘वहिनी, गोळ्या घेतल्यास का?’ असं तो फोनवर विचारतो तेव्हा मी स्वयंपाकघरात निघून जाते.

मला दोन्ही मुलीच. त्यांना कोणी मागितलं नाही. त्या वेळी मला याचा भयंकर राग आला होता, आता वाटतं, सुटले. सायरागुलला मात्र पहिला मुलगा झाला. त्याच वर्षी सासरे गेले आणि आपा नारिनकडच्या गावात त्या मोठ्या घरात एकट्या पडल्या. पोराला, आक्तानला, खालचे दोन दात आले आणि आपा गावाहून हजर झाल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. चहा झाला, त्यांनी मुलाला मांडीवर घेतलं, दुलईत गुंडाळलं, आणि तालायनं त्यांना बसपर्यंत सोडलं. आमच्यात चांगली माणसंच असली कामं करतात, म्हणून त्यांना काही बोलताही येत नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस सायरा मधेच मशीन थांबवून मोरीत जायची, दूध पिळून टाकायची, तोंड धुवायची आणि परत येऊन कॉलर जोडायची. एकदा मी म्हटलं, “अगं, नवऱ्याला तरी बोल.” ती म्हणाली, “बोलले. तो म्हणतो, आपाला तूच विचार. ताई, सुनेनं विचारायचं असतं का?” नसतंच विचारायचं. सासूसमोर ‘माझा मुलगा’ असं म्हणणंसुद्धा आमच्याकडे उद्धटपणात मोडतं.

मग मेच्या सुट्ट्या आल्या. आपा आक्तानला घेऊन चार दिवस शहरात येणार असं ठरलं. त्या आठवड्यात सायरागुल उरलेल्या कापडातून खलाशाचा इवलासा पोशाख शिवत होती, निळी कॉलर, सोनेरी बटणं. बाहेर कुठे विकायला ठेवला असता तर लोकांनी झडप घातली असती. शिवता शिवता मला म्हणाली, “ताई, आपण सगळे नव्या पार्कात जाऊ या.”

“तुला कशाला हवंय पार्क? उंच पाळण्याकडे बघूनच तुला गरगरतं.”

“तिथं सुरवंटाची गाडी आहे. लहान मुलांची. मी बघून आलेय.” आवाज खाली आणून ती म्हणाली, “तिथं पाटी लावलीय. तीन वर्षांखालचं मूल फक्त आईसोबत.”

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि माझ्या हातातली बाही तशीच राहिली. ही बाई कामावरून सुटल्यावर एकटी पार्कात जाऊन पाटी वाचून आली होती.

“तिथं आपांना काही बोलता येणार नाही,” ती म्हणाली. “तो नियमच आहे. मी त्याला घेऊन बसेन. आणि तो माझ्यापाशी रडला नाही ना, तर खाली उतरल्यावर मी विचारणार. थंडी पडेपर्यंत तरी राहू द्या म्हणणार. सगळ्यांसमोर विचारणार.”

“आणि रडला तर?”

“नाही रडणार. पोटातला आहे माझ्या.”

आम्ही सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी गेलो. सगळं शहर तिथंच लोटलं होतं. म्हातारीचे केस चाटणारी पोरं, उकडलेल्या मक्याचा वाफाळ वास, मंचावरून कोणीतरी केकाटत गात होतं. आपा पार्कात आल्या त्या लग्नाला निघाल्यासारख्या, पांढरा रुमाल, मखमली जाकीट. कडेवर आक्तान. खलाशाचा पोशाख त्यांनी त्याला घातला होता हो, नाही कशाला म्हणू? पण त्यावर जाड रजईचा कोट, डोक्यावर घुबडाची पिसं शिवलेली टोपी, मनगटाला दृष्टीचा मणी. सोनेरी बटण एक दिसेल तर शपथ.

“आपा, ऊन आहे. कोट काढायचा का?” सायरानं विचारलं.

“डोंगरावरून वारा येतोय, दिसत नाही?” आपा म्हणाल्या. “तुम्हा शहरातल्या बायकांना मूल म्हणजे बाहुली वाटते.”

सायरानं पिशवीतून फळांच्या लगद्याची बाटली आणि छोटा चमचा काढला. आक्ताननं तोंड फिरवलं. आपांनी फडक्यातून मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा काढून त्याच्या तोंडात दिला आणि तो डोळे मिटून चोखू लागला. “हे बघ,” आपा माझ्याकडे वळून म्हणाल्या, “राजा आहे राजा.” त्या हसल्या तेव्हा त्यांचा चेहरा पोरीसारखा दिसला. खोटं बोलून उपयोग नाही, ते पोर त्यांचा जीव की प्राण होतं. सासरे गेल्यावर ही बाई बोलायचीच बंद झाली होती, आणि आता दिवसभर त्याच्याशी बडबडत होती. मला त्यांचा राग येत होता आणि धड रागावताही येत नव्हतं.

दिवसभर सायरागुल बाळाची पिशवी, पाण्याची बाटली, आपांची शाल, तालायचं जाकीट सांभाळत मागून चालली. माझ्या मुली पाळण्यात बसल्या, कुबानिचनं बंदुकीनं फुगे फोडले, तालायनं फोटो काढले. फोटोत मूल आपांच्या हातात आणि सायरा कडेला, पिशवीसकट. मी एकदा तालायच्या कानाशी म्हटलं, “अरे, एक तरी फोटो दोघांचा काढ.” तो म्हणाला, “वहिनी, कशाला उगाच? आपाला वाईट वाटेल.” हा माणूस टॅक्सी चालवतो, चौकात पोलिसांशी हुज्जत घालतो, आणि आईसमोर आला की मूग गिळून बसतो.

शेवटी सुरवंटाची गाडी आली. हिरवे गोल डबे, पुढे हसरं तोंड, छोट्या रुळावरून गोल गोल फिरणारी. सायरागुलनं आधीच जाऊन तिकीट काढून ठेवलं होतं. ते तिच्या मुठीत घामानं मऊ झालं होतं.

“आपा,” ती म्हणाली, “आक्तानला यात बसवू या?”

“बसव की,” आपा म्हणाल्या. “चल, मी घेऊन बसते.”

सायरानं नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. आपांना चष्म्याशिवाय दिसत नाही. मी मोठ्यांदा वाचून दाखवलं. आवाज जरा जास्तच मोठा लावला, मुद्दाम. फाटकाशी गळ्यात शिट्टी घातलेली एक मुलगी सूर्यफुलाच्या बिया सोलत उभी होती. तिनं रांगेकडे पाहून विचारलं, “चला, आई कोण?”

“मी,” सायरागुल म्हणाली.

सासूसमोर, दिरासमोर, रांगेतल्या सगळ्या लोकांसमोर. तालाय आपले बूट बघत उभा राहिला. तिचे कान लालबुंद झाले होते, पण तिनं हात पुढे केले. आपांनी एक क्षण मुलाला घट्ट धरलं आणि मग दिलं. मला वाटलं, जिंकली पोरगी.

ती डब्यात बसली. तिनं त्याला मांडीवर घेतलं, कोटाची बटणं सोडली, आतली निळी कॉलर नीट केली. आक्तान तिच्या तोंडाकडे बघत होता. ती हळूच काहीतरी गुणगुणत होती. मग त्यानं मान वळवली. आपा कठड्याच्या बाहेर होत्या. त्याचा ओठ वाकडा झाला.

“आपा!” तो ओरडला.

सायरागुलनं त्याला छातीशी धरलं. “हो राजा, आहे ना, इथंच आहे.” तो आणखी पेटला. त्यानं पाय झाडले, तिच्या गालावर ओरबाडलं, टोपी खाली पडली. “आपा! आपा!” असा हंबरडा की मंचावरचं गाणंही ऐकू येईना. इतर आया आपापली पोरं सावरत तिच्याकडे बघू लागल्या. शिट्टीवाली मुलगी टरफलं थुंकून जवळ आली.

“बाई, हे मूल तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. खरं सांगा, आई कोण आहे?”

सायरागुलनं वाकून पडलेली टोपी उचलली. मी पुढे सरले तोच आपा फाटकातून आत आल्या. “दे इकडे,” म्हणाल्या. मूल त्यांच्या खांद्यावर गेलं आणि नळ बंद करावा तसं थांबलं. नुसते हुंदके राहिले.

“आजी, तुम्ही कोण?” मुलीनं विचारलं.

“मी त्याची आई,” आपा म्हणाल्या.

सत्तरीला टेकलेल्या बाईनं हे सांगितलं आणि रांगेत एकही माणूस हसला नाही. मागचा एक टोपीवाला म्हातारा समजुतीनं म्हणाला, “पहिला दिसतोय. आजीचा आहे.” मुलीनं मान हलवली. तिलाही कळलं. आमच्यात सगळ्यांनाच कळतं, तेच तर वाईट आहे.

“मग आजी, तुम्ही बसताय का?”

“छे गं बाई, मला चक्कर येते.” आपा मुलाची पाठ थोपटत कठड्याबाहेर निघाल्या. सायरागुल उठू लागली तशी म्हणाल्या, “तू कशाला उठतेस, केलिन? तिकीट काढलंयस ना? बस तू. वाया कशाला घालवायचं.” आवाजात कडवटपणा नव्हता. मायेनं म्हणाल्या. आणि मग, माझ्या बाजूनं जाताना, माझ्याकडे न बघता हळूच, “मीही दिला होता. मेले का मी?”

मी म्हणाले, “आपा, तुम्हाला विचारलं होतं का कोणी?”

त्यांनी ऐकलं नसावं. की ऐकलं असावं.

सायरागुल बसली. सांगितलं की करायचं, ही सवय हाडात मुरलेली असते. शिट्टी वाजली आणि सुरवंट निघाला. सगळ्या डब्यांत पोरंबाळं, टाळ्या, किंचाळणं, आणि एका डब्यात ही, गुडघे पोटाशी घेऊन, हातात घुबडाच्या पिसांची टोपी. गालावर ओरखडा. आता विचारायचं काही उरलं नव्हतं, ते तिलाही कळलं होतं आणि मलाही.

गाडी वळून आमच्यासमोर आली. आक्तान आता शांत होऊन त्या हिरव्या डब्यांकडे टकामका बघत होता. आपांनी त्याचा गुबगुबीत हात धरून वर केला.

“ती बघ, ती बघ कोण चाललीय!” त्या लाडानं म्हणाल्या. “टाटा कर. वहिनीला टाटा कर!”

माझा नवरा माझ्या शेजारी उभा होता. तो पाणी आणतो म्हणून गेला आणि बऱ्याच वेळानं पाणी न घेताच परत आला.

आक्ताननं हात हलवला. त्या दिवशी पहिल्यांदा तो तिच्याकडे बघून हसला. आणि सायरागुलनं टोपी मांडीवर ठेवली, हात वर केला आणि गाडी वळेपर्यंत त्याला टाटा केला.