तीननंतर दगडूची खाट

बंद गिरणीत चित्रित झालेल्या एका भुताच्या सिनेमाचा मी वेडा. त्यापायी चिपळूणहून येऊन लालबागला लवू परबांच्या खोलीत उतरलो, कारण खिडकीतून तीच गिरणी दिसे. परब खाट फक्त दुपारी तीनपर्यंत भाड्याने देत. तीननंतर ती दगडूची. गिरणीत कामाला असताना परब आणि तो याच खाटेवर पाळीपाळीने झोपत. संपात गावी जातो म्हणून निघालेला दगडू बारा वर्षांत परतला नव्हता, पण परबांनी त्याची वेळ कुणाला दिली नाही.

एके दिवशी तीन वाजून गेले तरी मी खोडसाळपणे पडून राहिलो. सव्वातीनला कुणीतरी खांदा हलवला. केसांत कापूस अडकलेला माणूस म्हणाला, "ऊठ रे, माझी पाळी."

मी धडपडत बाहेर पळालो. गॅलरीत बसलेल्या परबांना कसंबसं सांगितलं.

"जेवलाय का तो, विचारलंस तरी?" म्हणत ते ताट वाढायला आत गेले.