कुंदाकाकूंच्या फ्लॅटखालचं पाणी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सासूबाई अमावास्या बघून प्रवास ठरवायच्या, तेव्हा मी हसायचे. पण हे माझ्याच घरात घडलंय, म्हणून लिहितेय...

अमेरिकेत एडिसनला आमचा कॉन्डो, म्हणजे स्वतःचा फ्लॅट आहे, खालच्या मजल्यावर. बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये कुंदाकाकू एकट्या राहायच्या. मूळच्या साताऱ्याच्या. काका गेल्यावरही इथेच राहिल्या. मुलगा निखिल देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला.

मागच्या हिवाळ्यातला शनिवार. सकाळी चहा घेत होतो आणि डायनिंग टेबलावर टप... टप... वर पाहिलं तर सीलिंगला ओला डाग. बघता बघता धार लागली. खाली पातेलं ठेवून मी असोसिएशनच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, मॅनेजमेंट ऑफिसला फोन केला. तिथली बाई शांतपणे म्हणाली, "कॉमन पाइप असेल तर असोसिएशन दुरुस्त करेल. वरच्या फ्लॅटचा असेल तर ती जबाबदारी त्या ओनरची. आधी त्यांना विचारा."

माझा नवरा समीर वैतागला. "म्हणजे आता आपण काकूंशी वाद घालायचा?"

"वाद कशाला? बघून तर येऊ," मी म्हटलं.

वर जाऊन बेल वाजवली, हाका मारल्या. आत टीव्ही चालू होता, पण उत्तर नाही. निखिलला फोन लावला.

"ताई, कालपासून आई फोन उचलत नाहीये," तो म्हणाला. "मला वाटलं मैत्रिणीकडे असेल. दाराचा कोड देतो. प्लीज, आत जा."

काकू किचनच्या फरशीवर पडल्या होत्या. डोळे उघडे, पण हलता येत नव्हतं. समीरने अॅम्ब्युलन्स बोलावली. मी शेजारी बसून हात धरला.

"आलीस का गं," त्या पुटपुटल्या. "पाणी... केव्हाची मागतेय."

प्यायला काही देऊ नका, असं अॅम्ब्युलन्सवाल्यांनी फोनवरून सांगितलं होतं. मी बोटं ओली करून त्यांच्या ओठांवरून फिरवली. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या किचनमध्ये, सिंकखाली, कुठेही ओल नव्हती — हे मात्र नंतर लक्षात आलं. आम्ही खाली आलो तेव्हा आमच्याकडचं पाणीही थांबलं होतं.

त्याच संध्याकाळी काकू हॉस्पिटलमध्येच वारल्या. निखिल तेव्हा विमानात होता.

सोमवारी असोसिएशनचा प्लंबर आला. सीलिंग कापलं, टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिला.

"इथून पाइपच जात नाही," तो म्हणाला. "सगळे पलीकडच्या भिंतीत आहेत." आतलं लाकूड ठणठणीत कोरडं होतं. वर जाऊनही त्याने सगळं तपासलं. कुठेच गळती नाही.

सगळं आटोपून परत रेडमंडला निघायच्या आदल्या दिवशी निखिल खाली आला. "ताई, लीक आमच्या पाइपचा होता ना? मी रिपेअर करून देतो."

"नाही रे. कुणाचाच नव्हता," मी म्हटलं, आणि प्लंबर काय म्हणाला ते सांगितलं. मग त्याने हळूच विचारलं, "आईने पाणी मागितलं होतं?"

"हो."

"तू दिलंस?"

"दिलं."

त्याने मान हलवली.

आता वर नवीन माणसं राहायला आलीत. चांगली आहेत. ते पाणी कुठून आलं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही... आणि यायचंच होतं तर एक दिवस आधी का आलं नाही, याचंही.