आखरी पानापर्यंत

बेंचवाले चाचा टेंडर वाचत नसत, ऐकत. पुसदला तहसील कचेरीजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. चाचा तिथे यायचे, भिंतीला पाठ टेकवून बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, कर शुरू." मग साठ-सत्तर पानांची निविदा मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायची. एखादं पान हळूच गाळलं, तर डोळे न उघडता त्यांना कळायचं. "बेटा, पंधरा नंबरच्या अटीवरून सतरावर कशी गेली तू?" मी चिडायचे, मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली असायची. चाचांना कशाचीच घाई नसे. "आखरी पानापर्यंत वाच," ते म्हणायचे. "सरकार आपल्याले बाहेर काढते, ते आखरी पानावरूनच."

त्यांचं वर्कशॉप वाशिम रोडला. चार कारागीर, दोन वेल्डिंग मशीन आणि शाळेचे डेस्क-बेंच. जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांतले बेंच याच वर्कशॉपमध्ये तयार झालेले, पण कागदोपत्री चाचा कुठेच नव्हते. टेंडर बाहेरचा कोणीतरी व्यापारी घ्यायचा, काम चाचांकडून करवून घ्यायचा आणि बेंचच्या पाठीवर पुरवठादार म्हणून आपलं नाव रंगवायचा. चाचांनी स्वतःच्या नावाचा पत्र्याचा छापा कधीचाच कापून ठेवला होता. वर नाव, खाली 'पुसद'. तो खिळ्याला टांगलेला असायचा आणि दर शुक्रवारी ते त्यावरची धूळ पुसायचे. त्याला एकदाही रंग लागला नव्हता. "मराच्या आधी एक तरी बेंच माह्या नावाचा सरकारी शाळेत गेला पायजे," हे ते इतक्या साधेपणाने सांगायचे, की हसावं की काय करावं ते मला समजत नसे.

अडचण एकच होती. सरकारला माल द्यायचा तर आधी सरकारला माल दिल्याचा अनुभव लागायचा. "म्हणजे पोहणं आल्याबिगर नदीत उतराचं नाई," चाचा म्हणायचे, "मंग शिकाचं कुठं? बाजेवर?" पण ही तक्रार नसायची. तोवर पुढच्या टेंडरची कागदं काढायला सुरुवात झालेली असायची. डिजिटल सहीचं ते बोटाएवढं यंत्र त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात ताईताशेजारी घातलं होतं. मी हसले तर म्हणाले, "माहा अंगठा हाय तो. अंगठा काय कोणी टेबलावर ठेवून घरी जाते?"

मग एका वर्षी अट सैल झाली. महागाव तालुक्यातल्या शाळांसाठी बेंच हवे होते आणि लहान उद्योगांना अनुभवातून सूट होती. मी आनंदाने वाचत होते, तर चाचांनी मध्येच डोळे उघडले. "थांब. बसाची उंची किती सांगतली?" मी परत सांगितली. "आन् वर्ग कोनते?" पहिली-दुसरी. ते उठलेच. मोजपट्टी घेऊन जवळच्या शाळेत गेले, पहिलीच्या आठ-दहा पोरांचे गुडघे मोजून आले. निविदेतले बेंच मोठ्या मुलांच्या मापाचे होते.

यवतमाळला निविदेआधीची, शंका-हरकती मांडायची बैठक होती. चाचांनी मला एसटीत बसवून सोबत नेलं. मोठमोठे पुरवठादार फाइली घेऊन बसलेले. चाचा उभे राहिले आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या मॅडमना म्हणाले, "मॅडमजी, तुमची खुर्ची जरा वर करता का? पूरी वर. मंग बोलतो." सगळे हसले. मी तर जमिनीत शिरायच्या बेतात होते. मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, उठून खुर्चीखालचा दांडा ओढला आणि पुन्हा बसल्या. पाय लोंबकळायला लागले. चाचा उंचीचा मुद्दा मांडत राहिले. चांगली पाच मिनिटं बोलले, मुद्दामच. शेवटी मॅडमनी मांड्या चोळत खुर्ची खाली घेतली. "पोरं तर पाच घंटे बसतात मॅडमजी. पाय टेकले पायजे." आठवड्याभरात शुद्धिपत्रक निघालं. उंची बदलली होती.

आणि हे सगळं झाल्यावर माती केली ती मी.

सरकारी निविदेत दोन लिफाफे असतात. एकात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. कागदपत्रांच्या लिफाफ्यात दर दिसला की निविदा बाद. मी सगळा गठ्ठा एकदमच स्कॅन केला आणि दरपत्रक कागदपत्रांत गेलं. निविदा उघडल्या त्या दिवशी पडद्यावर चाचांच्या नावापुढे 'अपात्र' आलं. कारण मी रडत रडत वाचून दाखवलं. दुसरं कोणी असतं तर माझं सेंटर डोक्यावर घेतलं असतं, आणि ते बरोबरच होतं. चाचा म्हणाले, "रडून काहून राह्यली? आखरी पान माह्यंही ऐकाचं राह्यलं. भरल्यावर एक डाव वाचून घ्याले पायजे होतं." त्यांनी चूक अर्धी वाटून घेतली, याची मला आजही लाज वाटते.

ते टेंडर मिळालेला व्यापारी महिन्याभरात चाचांच्याच दारात आला. बेंच चाचांनी बदलून घेतलेल्या मापाचे, करणार चाचाच आणि नाव त्याचं. मला वाटलं, आता हाकलतील. चाचा म्हणाले, "करून देतो. पण काम मी केलं, हे तुमच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्याचं. आधी कागद, मंग वेल्डिंग." व्यापाऱ्याने खूप आढेवेढे घेतले. चाचा छाप्यावरची धूळ पुसत बसून राहिले. कागद मिळाला.

पुढच्या वर्षी अनुभवाची अट परत आली. चाचा सेंटरमध्ये आले ते दोन कापडी थैल्या घेऊन. हिरवीत कागदपत्रं, लालमध्ये दर. "लाल थैली आखरीले उघडाची. तोवर मी यावर बसतो." आणि खरंच तिच्यावर बसले. व्यापाऱ्याचा तो कागद अनुभव म्हणून चालेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी आधीच यवतमाळहून 'चालेल' असं लेखी उत्तर आणलं होतं. या वेळी भरून झाल्यावर मी सगळं पुन्हा वाचलं, आखरी पानापर्यंत, आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले.

टेंडर मिळालं. ऑर्डर फार मोठी नव्हती. तीन गावांच्या शाळा. पहिल्या बेंचवर छापा धरायला त्यांनी मला बोलावलं. मी पत्रा धरला, त्यांनी निळा रंग मारला. 'पुसद' जरा फिसकटलं. कारागीर म्हणाला, पुसून परत मारू. "राहू दे," चाचा म्हणाले, "वाचता येते."

त्यानंतर दीडेक वर्षाने चाचा गेले. सकाळी वर्कशॉप उघडलं, खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. चाळिसाव्या दिवसाची दुआ झाल्यावर त्यांची मुलगी माझ्याकडे दोन्ही थैल्या ठेवून गेली. "अब्बूनं सांगून ठेवलं होतं," एवढंच म्हणाली. मला ते सेंटरमध्ये आल्याशिवाय एकही निविदा भरावीशी वाटेना. पण लोक येतात, भरावी लागते.

परवा दिग्रसचे एक फॅब्रिकेटर आले. बेंचचंच टेंडर, पहिल्यांदाच भरत होते. "ताई, जल्दी करा, मले बस पकडाची हाय," म्हणाले. मी त्यांच्यासमोर दोन थैल्या ठेवल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ते चुळबुळत होते. बसण्याच्या उंचीची ओळ आली. 'बसल्यावर विद्यार्थ्याचे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी.' ते वैतागले. "हे एवढं बारीक कायले लिहितात? एवढ्याशा उंचीनं काय बिघडते?"

मी उठले. माझी फिरती खुर्ची पार वरपर्यंत चढवली आणि त्यांना तिच्यावर बसायला सांगितलं. बिचारे बसले. पाय लोंबकळायला लागले.

"आता असंच बसा," मी म्हटलं आणि पुढची अट वाचायला घेतली. अजून बावन्न पानं बाकी होती.